मूल आधी पाहावे, मग नाव द्यावे

अंगणवाडी हा शब्द आज इतका घरचा झाला आहे, की तो कधीकाळी कुणी रुजवला असेल हे आपल्या मनातही येत नाही. अहेरीहून आलापल्लीच्या रस्त्याने निघून कुठेही आत वळावे. सागाच्या रानात दहा-वीस घरांचा टोला लागतो. तिथे दुसरे काही असो वा नसो, अंगणवाडीची खोली बहुधा असतेच. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हे नाव देशभर गेले. त्याआधी तीसेक वर्षे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावात एका मराठी बाईंनी ही कल्पना प्रत्यक्षात उतरवली होती. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंची आठवण आज काढण्याचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. अलीकडे शाळांतून, दवाखान्यांतून आणि मोबाइलवरून एक नाव घरोघरी पोचले आहे : एडीएचडी. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, असे त्याचे मराठी करता येईल. मूल एका जागी बसत नाही, हातातले काम अर्ध्यावर टाकते, वह्या-पेन्सिली हरवते, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळे होते. शाळेतून निरोप येतो, याला कुणाला तरी दाखवून आणा. दाखवायचे हे ठरते, पण कुणाला? पुण्या-मुंबईत या प्रश्नाला दहा पाट्या दहा उत्तरे देतात आणि आईबाप गोंधळतात. अहेरीसारख्या ठिकाणी पाटीच शोधावी लागते. जिल्ह्याचे गाव शंभरावर किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे दीडशेवर. एक खेप म्हणजे एस.टी.चे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या धाकट्यांची काळजी. ती चुकीच्या दारात गेली, तर दुसरी निघेलच असे नाही.

ताराबाई डॉक्टर नव्हत्या. या विकाराचे आजचे नाव त्यांच्या हयातीत नव्हतेच. लक्षन्यूनतेचा विकार या अर्थाचे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली आले, तेव्हा ताराबाईंना जाऊन सात वर्षे झाली होती. पण मुलाकडे पाहायचे कसे, हे त्यांनी आयुष्यभर शिकवले. योग्य तज्ज्ञ ओळखण्याची खूण त्या शिकवणीत सापडते.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे संस्कार होते, त्यामुळे मुलीने शिकावे यात घराला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बाईने पदवी घेणे ही त्या काळात मोजक्या घरांतली गोष्ट. लग्नानंतर त्या अमरावतीला आल्या. यजमान वकील, घर संपन्न, वऱ्हाडातल्या प्रतिष्ठित वर्तुळातली ऊठबस. बाहेरून पाहणाऱ्याला त्या संसारात उणे दिसले नसते. पण तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई त्यातून बाहेर पडल्या. पदरी लहान मुलगी होती. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला त्या काळी काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना आजच्या वाचकालाही करता येईल.

त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मानाची जागा, बऱ्यापैकी पगार. भावी शिक्षिका तयार करायच्या, म्हणजे पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, वर्ग शांत कसा ठेवावा हे शिकवायचे. वर्ग शांत ठेवणे ही तेव्हा चांगल्या मास्तरची पहिली कसोटी होती. अजूनही अनेक शाळांत ती तशीच आहे.

त्याच सुमारास त्यांना भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतल्या बालमंदिराविषयी कळले. ते चालवत होते गिजुभाई बधेका. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली सुटली. मिशा असलेली आई, अशा अर्थाच्या लाडक्या नावाने गुजराथ त्यांना ओळखू लागला. १९२३ साली ताराबाई राजकोटची जागा सोडून त्यांच्याकडे गेल्या. प्राचार्यपद टाकून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसायला जाणे हा व्यवहारी माणसाच्या हिशेबात तोट्याचा सौदा. ताराबाईंनी तो केला.

इथे माँटेसरीबाईंविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. आपल्याकडे माँटेसरी म्हणजे रंगीत खेळणी आणि महाग फी असा समज झाला आहे. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. १८९६ साली त्या रोममध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि सुरुवातीला त्यांनी काम केले ते मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांमध्ये. या मुलांना नुसत्या औषधपाण्याने भागणार नाही, त्यांना शिकवण्याची वेगळी रीत हवी, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. ज्या मुलांना लोक उनाड म्हणत, ती हाताला आवडीचे काम मिळाले की कितीतरी वेळ त्यात गढून जातात, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यांच्या पद्धतीत शिक्षिकेचे पहिले काम शिकवण्याचे नसते. ते असते पाहण्याचे : मूल कशाकडे वळते, कशापासून पळते, किती वेळ रमते, कुठे अडते.

भावनगरला ताराबाई हे पाहणे शिकल्या. १९२६ साली गिजुभाई आणि त्यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'तून त्या पालकांशी बोलू लागल्या. 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त' ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांचा विषय सांगतात. घरातले मूल हट्ट करते, मोडतोड करते, ऐकत नाही. त्यावर मार हा रामबाण उपाय समजला जाई. ताराबाई आईबापांना एक पायरी मागे नेत. मूल असे का करते, याचा शोध घ्या आणि मग उपायाला लागा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. १९३६ साली त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची खरी ओळख तिथून झाली.

त्या दादरलाच राहिल्या असत्या, तर मोठ्या शिक्षणतज्ज्ञ म्हणून नाव राहिले असते. पण हे शिक्षण फी भरू शकणाऱ्यांपुरतेच राहते, ही गोष्ट त्यांना सलत होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हयातभर हे काम वाहिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. पोरांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. ताराबाईंनी वस्तीत जाऊन पाहिले. आई कामावर गेलेली, मोठ्या मुलीच्या काखेत धाकटे मूल, अंगावर धड कपडा नाही, मग बालवाडीत यायचे कुणी आणि कसे? तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती; त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तिथली मुले गुरे-शेळ्या राखायला जात. मग शिक्षिकाच कुरणावर गेल्या आणि कुरणशाळा भरली. धाकट्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी राहिली, म्हणजे काखेतल्या भावंडापायी कुणाची शाळा बुडू नये.

या सगळ्यात एक समान धागा आहे. मुलात खोट आहे असा निर्णय देण्याआधी ताराबाई मुलाच्या घरी जाऊन आल्या. त्याचा दिवस कसा जातो, तो काय खातो, कोणती भाषा बोलतो, कुणाला सांभाळतो, हे पाहून मगच त्या बोलल्या.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे अहेरीच्या बाजूला काढली आहेत, म्हणून हा धागा तिकडे नेऊन पाहतो. पहिलीतले मूल वर्गात खिडकीबाहेर पाहते. घरी ते माडिया किंवा गोंडी बोलते, बाजारात तेलुगू ऐकते आणि वर्गात पुस्तक मराठी. ज्या भाषेतले निम्मे शब्द कळत नाहीत, तिच्यावर लक्ष किती वेळ टिकेल? दुसऱ्याचा कान वर्षानुवर्षे वाहतो आहे; सूचना ऐकूच येत नाही, मग पाळणार कशी? तिसऱ्याला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही. चौथ्याच्या अंगात रक्त कमी आहे. या भागात सिकलसेल आहे, मलेरिया आहे, आणि दमलेले मूल आळशी दिसते. पाचवे सहाव्या वर्षी आईला सोडून आश्रमशाळेच्या वसतिगृहात आले आहे आणि रात्री नीट झोपत नाही. सहावे बोलता बोलता काही क्षण कोरे होते. ती कदाचित फिट असेल. या सहाही मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरा एकच येतो : लक्ष नाही.

पण म्हणून हा विकारच खोटा, शहरी चोचला, असे कुणी समजू नये. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचे वर्णन डॉक्टरांपुढे मांडले होते. पोट भरलेले आहे, कान-डोळे ठीक आहेत, भाषा कळते, घरात प्रेम आहे, तरीही मूल स्वतःला आवरू शकत नाही, असे असते. त्यात आईच्या वळणाचा दोष नसतो. अशा मुलाला मोठे झाल्यावर सुधारेल म्हणून सोडून देणे हाही अन्यायच. मुलींच्या बाबतीत तो जास्त होतो. त्या धावपळ करतातच असे नाही; कोपऱ्यात हरवून बसतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. चांगली बालवाडी हे या विकारावरचे औषध आहे, असा दावाही करता येणार नाही. ताराबाईंकडून घ्यायची ती पाहण्याची रीत. निदान तज्ज्ञानेच करायचे.

मग पाऊल कुठे टाकायचे? पहिले दार जवळचेच. शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, अशी ती योजना आहे. या कार्यक्रमात ज्या तीस प्रकारच्या दोषांची तपासणी सांगितली आहे, त्यांत एडीएचडी आहे. त्या पथकाला मुलाबद्दल आपण होऊन सांगावे. तालुक्याच्या रुग्णालयात कान, डोळे, रक्त तपासून घ्यावे. त्यासाठी नागपूर गाठायचे कारण नाही. वाढीच्या तक्रारी असणाऱ्या मुलांना पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय या कार्यक्रमातच आहे. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलून, कुठे जावे हेही विचारता येते.

यानंतर खरे निदान. ते करावे मुलांच्या मनोविकारांचा अनुभव असलेल्या मनोविकारतज्ज्ञाने किंवा मुलांच्या वाढीचा खास अभ्यास असलेल्या बालरोगतज्ज्ञाने. सोबत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर उत्तम. मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारण्यात संकोच नको. बुद्धिमापन आणि वाचन-लेखनातल्या अडचणींच्या चाचण्या तो घेतो. औषध लिहिण्याचा अधिकार मात्र डॉक्टरचा. फिटची शंका असेल, किंवा येत असलेले मूल विसरू लागले असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. शाळेतला समुपदेशक किंवा शिकवणीचे सर उपयोगी माहिती देतात, निदान देऊ शकत नाहीत.

पाटीवरच्या पदव्या जुळल्या तरी माणूस बरा की नाही, हे पहिल्या भेटीत कसे ओळखावे? बँकेत कर्ज मंजूर करताना आमच्यात एक साधा नियम होता. कागद कितीही चोख असोत, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करायची नाही. विहिरीसाठी कर्ज असेल तर शेत पाहायचे, शेजाऱ्याशी बोलायचे. मुलाच्या बाबतीतही सही करणाऱ्याने जागा पाहिली का, हे तपासावे. चांगला तज्ज्ञ आईला बोलू देतो. शाळेत काय होते हे शिक्षकांकडून मागवतो, कारण या विकाराची लक्षणे घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्रास कधीपासून आहे हे तो विचारतो. तो निदान सहा महिने टिकलेला आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासूनचा असावा लागतो. मुलाची घरची भाषा कोणती, हे तो विचारतो. मराठीत घेतलेल्या चाचणीत माडिया बोलणारे मूल मागे पडले, तर त्या आकड्याला किती वजन द्यायचे हे त्याला कळते. झोप, जेवण, कान, फिट यांची चौकशी केल्याशिवाय तो विकाराचे नाव घेत नाही.

याउलट पाच मिनिटांत नाव आणि दहाव्या मिनिटाला गोळी लिहून देणाऱ्यापासून जरा लांब राहावे. मेंदूचा फोटो किंवा आलेख काढून हमखास निदान करून देतो, असे कुणी म्हणाले तर पैसे खिशात ठेवावेत. या विकाराचे निदान होईल अशी एकही रक्ततपासणी किंवा मेंदूची चित्रतपासणी आज नाही. कायमचा बरा करतो म्हणणाऱ्याचे दार तर ओलांडूच नये.

जाताना सोबत काय न्यावे? सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक साधी वही. दोन आठवडे मुलाकडे पाहून लिहिलेली : कधी उठले, कशात रमले, किती वेळ रमले, कुठे बिनसले. आईला लिहिता येत नसेल तर अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेच्या गुरुजींनी लिहून द्यावी. ही वही म्हणजेच ताराबाईंचे पाहणे. ती हातात असेल, तर नागपूरची एक खेप दोन खेपांचे काम करते.

निदान पक्के झाले, तरी औषध हा एकच मार्ग नसतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत आधी आईबापांनाच वागणूक हाताळण्याचे शिक्षण देतात. मोठ्या मुलांना औषधाचा चांगला उपयोग होतो. ते चालू असताना वजन, उंची, रक्तदाब पाहणारा डॉक्टर हवा. बाकीचे काम शाळेचे. एका वेळी एकच सूचना, लहान तुकड्यांत काम, मधूनमधून उठून काही करायची मुभा, हाताला साधन. कोसबाडच्या टेकडीवर बिया आणि शिंपले घेऊन बसलेल्या शिक्षिकेला यातले काहीच परके वाटले नसते.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहेरीच्या पलीकडे, भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, आणि काही वर्षांनी तिथे माडिया मुलांची शाळा भरू लागली. या दोन कामांचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता. पण रानातल्या मुलाला शाळेच्या मापाने तोलण्याआधी त्याच्या रानात जाऊन राहावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच उमगलेले होते.

अहेरीच्या आईला नागपूरच्या दवाखान्यात टेबलापलीकडे बसलेला माणूस पारखायचा असतो. त्याची इंग्रजी अक्षरे तिला वाचता आली नाहीत, तरी एवढे तिला नक्की कळते, की हा माझ्या मुलाकडे पाहतो आहे, की नुसताच कागदाकडे. तिने त्या समजुतीवर विश्वास ठेवावा, आणि उत्तर कागदाकडे असे आले, तर दुसरे मत घ्यायला कचरू नये.